बर्फगाडीचा पट्टा

सरकारी नोकरीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाच्या हातांना एक विशिष्ट वळण लागते. ते कागद उचलतात, उलटतात, त्यावर शेरा लिहितात आणि तो पुढच्या टेबलाकडे सरकवतात. जड वस्तू उचलण्याचा, तेलाने माखण्याचा, एखादा गंजलेला बोल्ट सोडवताना सोलून निघण्याचा प्रसंग त्या हातांवर सहसा येत नाही. माझ्या हातांवर तो आला, आणि तोही घरापासून हजारो कोस दूर, कॅनडातील क्वेबेक प्रांतात, एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या लाकडी खोपटात. त्या तीन दिवसांची हकीकत आज आपल्याला सांगावी असे मनात आहे.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभाराचा अभ्यास करण्यासाठी मला एक वर्षाची अभ्यासरजा मिळाली होती. शेरब्रुक शहराजवळच्या एका खेड्यात मी एका वृद्ध दांपत्याच्या घरी, माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. घरमालक सत्तरीच्या घरातले. उमेदीची वर्षे त्यांनी लाकूड कापण्याच्या एका गिरणीत यंत्रे दुरुस्त करण्यात घालवली होती. त्यांची भाषा फ्रेंच, माझी मराठी. दोघांमध्ये मोडक्यातोडक्या इंग्रजीचा एक साकव होता, आणि त्यावरून आमचे येणेजाणे चाले. मी त्यांना ‘मोस्यू’ म्हणे, त्यांच्या पत्नीला ‘मादाम’.

त्या भागातला हिवाळा ही सांगून समजण्याची गोष्ट नव्हे. डिसेंबरात पडलेले बर्फ मार्च संपला तरी जमिनीवरून हलत नाही. कुंपणे दिसेनाशी होतात, ओढे बुजतात, तळी गोठून त्यांची मैदाने होतात. रस्त्यावरचे बर्फ यंत्रे येऊन बाजूला सारतात खरी. पण रस्ता सोडून शेतात किंवा रानात चार पावले टाकायची म्हटली तर माणूस मांडीपर्यंत रुतून बसतो. अशा ठिकाणी जायचे साधन म्हणजे बर्फावरून धावणारी गाडी, जिला तिकडे स्नोमोबाईल म्हणतात. आपल्यापैकी कोणी हिवाळ्यात गुलमर्गला गेले असतील तर प्रवाशांना हिंडवणाऱ्या अशा गाड्या त्यांनी पाहिल्या असतील. पुढे होडीच्या नाळेसारख्या वर वळलेल्या दोन स्की, त्यांना वळवण्यासाठी सायकलीसारखा दांडा, मध्ये इंजिन, आणि मागे बैठकीखाली फिरणारा रुंद रबरी पट्टा. चाक जमिनीला लागतच नाही. गाडी चालते ती त्या पट्ट्यावर.

या पट्ट्याची युक्ती काय, ते मला मोस्यूंनी एका वाक्यात सांगितले: “बर्फ ओझ्याला भीत नाही, टोकाला भितो.” त्यांच्या गाडीचा पट्टा पंधरा इंच रुंद होता आणि त्याचा साधारण पावणेचार फूट लांबीचा भाग एका वेळी बर्फावर टेकत असे. स्वार धरून गाडीचे वजन सुमारे तीनशे किलो. पण ते एवढ्या मोठ्या तळावर पसरल्यामुळे दर चौरस इंचावर एक सबंध पौंडाचाही दाब पडत नाही. एका पायावर उभ्या राहिलेल्या माणसाचा दाब याच्या पाच-सहापट भरतो. म्हणून जिथे माणूस रुतून बसतो तिथून तीनशे किलोंची गाडी वरच्या वर निघून जाते. आपल्याकडे चिखलणीच्या शेतात फळी टाकून तिच्यावरून चालतात, त्यातला प्रकार. फरक एवढाच, की ही फळी स्वतःच पुढे धावत राहते.

या गाडीचा जन्म त्याच भागातला. शेरब्रुकपासून फार दूर नसलेल्या व्हॅलकोर्ट या गावी १९०७ साली जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा जन्म झाला. यंत्रांचे वेड त्यांना लहानपणापासूनच. १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, एका जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन आणि लाकडी पंखा वापरून त्यांनी बर्फावरून धावणारी घसरगाडी केली, आणि ती चालवून दाखवली. वडिलांनी तो उघडा पंखा पाहिला आणि गाडी तत्काळ मोडून टाकायला लावली. एकोणिसाव्या वर्षी या तरुणाने गावात स्वतःचे गॅरेज काढले. दिवसा लोकांच्या मोटारी दुरुस्त कराव्या, आणि हिवाळ्यात, जेव्हा मोटारी बर्फामुळे बंद पडून राहत, तेव्हा आपल्या बर्फगाडीचे प्रयोग करावे, असा त्यांचा क्रम असे.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात दुखू लागले. आंत्रपुच्छाचा दाह होता आणि तो पोटात पसरला. इस्पितळ मोटारीच्या वाटेवर होते. पण वाट बर्फाखाली होती, आणि गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या बर्फगाड्यांपैकी एकही त्या घटकेला चालण्याजोगी नव्हती. मूल गेले. पुढच्या वर्षी या माणसाने, रबराने मढवलेले दातेरी चाक आणि त्याच्यात अडकून फिरणारा रबराचा पट्टा ही जोडी सिद्ध केली. १९३७ मध्ये तिचे पेटंट त्यांना मिळाले. सात माणसे बसतील अशी गाडी निघाली, मागाहून बारा माणसांची निघाली; डॉक्टर, टपाल, शाळेची मुले त्यांतून जाऊ-येऊ लागली.

माझ्या अभ्यासविषयाशी या कथेचा एक धागा जुळतो, तो सांगायचा मोह आवरत नाही. १९४८ मध्ये क्वेबेकच्या सरकारने हिवाळ्यात रस्ते मोकळे ठेवण्याचे धोरण लागू केले. जनतेच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट. पण रस्ते मोकळे झाल्याबरोबर मोठ्या बर्फगाड्यांचा खप झपाट्याने उतरला. एका सरकारी निर्णयाने एका गावाचा सुगीचा धंदा बसला. बोंबार्दिए यांनी मग रस्त्यांचा नाद सोडून खाणी, जंगले, दलदली यांच्याकडे लक्ष वळवले. आणि १९५९ साली एका-दोघांना बसता येईल अशी हलकी, स्वस्त गाडी बाजारात आणली. तीच आजच्या गाड्यांची पूर्वज. १९६४ मध्ये ते वारले. त्यांचे जुने गॅरेज व्हॅलकोर्टच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. नोव्हेंबरात मी ते पाहून आलो होतो. लाकडी भिंती, टांगलेली हत्यारे, आणि बाहेर हळूहळू पडू लागलेले बर्फ.

आता मोस्यूंच्या गाडीकडे येतो. ही गाडी त्यांच्या करमणुकीची नव्हती. घरामागे गोठलेले तळे, आणि तळ्यापलीकडे त्यांचे मेपल वृक्षांचे रान होते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, रात्री पाणी गोठते आणि दिवसा विरघळते अशा दिवसांत, मेपलच्या खोडाला भोक पाडले की त्यातून गोडसर रस ठिबकू लागतो. सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक पडतो. जगातला बहुतांश मेपलचा पाक क्वेबेकमध्येच होतो. रानात त्यांनी एक झोपडी बांधली होती. त्यात चूल आणि पसरट काहिली. मला ती पाहताच आपले गुऱ्हाळ आठवले. तोच गोड वाफेचा वास, तीच रात्रीची जागरणे. पण तिथवर सरपण, बादल्या आणि माणसे न्यायची ती बर्फगाडीला घसरगाडी जोडून. आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गाडीचा पट्टा फाटला.

मोस्यूंनी तो मला बोट लावून दाखवला. पट्ट्याच्या रबरात आडव्या काचतंतूंच्या कांड्या भरलेल्या असतात. त्यामुळे पट्टा लांबीत वाकतो, पण रुंदीत ताठ राहतो. यांतल्या चार कांड्या मोडून त्यांची टोके बाहेर आली होती. बर्फात रोवून जोर घेणारे बाहेरचे उंचवटे ठिकठिकाणी उपटून गेले होते. आतले सुताचे धागे उघडे पडून त्यांत पाणी शिरले होते, आणि एका बाजूला वीतभर चीर गेली होती. “याला ठिगळ लागत नाही,” ते म्हणाले. “वेगात असताना तुटला तर आत गुंडाळून चाके जाम करील. आणि तळ्याच्या मध्यावर तुटला तर घर दोन्ही बाजूंनी सारखेच लांब.”

दुकानात नेऊन पट्टा बसवून घ्यायचा तर तिथे आधीच रांग लागलेली. रसाचे दिवस कोणासाठी थांबत नाहीत. त्यांनी नवा पट्टा आणला आणि शनिवारी सकाळी मला विचारले, “तुम्हाला दोन हात आहेत ना?” पूर्वी मुलगा मदतीला असे, तो आता दूर पश्चिमेला नोकरीला होता. मी होय म्हटले.

आपल्याकडे खेडेगावात बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना मी लहानपणी पाहिले आहे. शेणींच्या आगीत धाव लाल करायची, चारजणांनी सांडशीने उचलून चाकावर घालायची, आणि वर पाणी ओतायचे, की ती आवळून बसते. त्यात घाई आहे, पण गुंता नाही. पट्टा बदलण्यात घाई नाही आणि गुंता मात्र आहे. कारण पट्टा अखंड असतो, चरख्याच्या माळेसारखा. त्याला तोंड नाही, शेवट नाही. तो उघडून घालता येत नाही. ज्याच्याभोवती तो फिरतो ते सर्व त्याच्या आतून काढून घ्यावे लागते आणि पुन्हा आत घालावे लागते.

पहिला दिवस उलगडण्यात गेला. खोपटात शेगडी पेटवून नवा पट्टा जवळ पसरून ठेवला, कारण थंड रबर ताठर असते. इंजिन चुकूनही सुरू होऊ नये म्हणून ठिणगीच्या तारा काढल्या. टाकीतले पेट्रोल काढले. कप्पीने गाडीचा मागचा भाग उचलून लाकडी घोडीवर ठेवला. मग वरचे झाकण, इंजिनाचा रबरी बेल्ट आणि सायलेन्सर काढला, तेव्हा उजव्या बाजूची साखळीची पेटी मोकळी झाली. हिच्यात दोन दातेरी चाके आणि एक साखळी तेलात बुडून फिरतात. वरचे चाक इंजिनाकडून जोर घेते आणि खालचे तो पट्ट्याच्या आसाला देते. तेल एका डब्यात काढले, झाकण उघडले, साखळी ढिली करून चाके उतरवली. खालच्या चाकाचा नट जागचा हलू नये म्हणून त्याच्या खाचेतून एक पिन घालून तिची टोके दुमडलेली असतात. मोस्यूंनी ती पकडीने सरळ करून ओढून काढली आणि कचऱ्यात टाकली. “एकदा दुमडलेली पिन पुन्हा वापरायची नाही,” ते म्हणाले.

पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक लांब सांगाडा असतो. त्याच्या खालच्या कडांना प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्या असतात. पट्टा त्यांच्यावरून घसरत फिरतो. त्यांना तेल लागत नाही. उडणारे बर्फच त्यांना ओले आणि थंड ठेवते. म्हणून उघड्या जमिनीवर किंवा कोरड्या, टणक बर्फावर ही गाडी फार वेळ पळवली तर त्या तापून वितळतात. हा सांगाडा चार मोठ्या बोल्टांवर टांगलेला होता. त्यांतले तीन मुकाट्याने सुटले. चौथा गंजला होता. त्याने माझ्या बोटांची सालटी काढली. मग गाडी पुठ्ठ्यावर एका कुशीवर कलती केली, सांगाडा बाहेर ओढला, डाव्या टोकाचे बेअरिंग सोडवले, दातेरी चाकांसकट आस तिरपा करून काढला. आणि जुना पट्टा, एखाद्या मेलेल्या अजगरासारखा, जमिनीवर येऊन पडला.

रविवारी सकाळी नवा पट्टा घालायला घेतला. तो वजनाला एका माणसाला उचलेल, पण सांभाळवणार नाही, असा. एक बाजू धरली की दुसरी निसटे. मी मोठ्या उत्साहाने तो आत सारला, तेव्हा मोस्यू शांतपणे म्हणाले, “बाण पाहिला?” पट्ट्यावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. माझा बाण मागे तोंड करून होता. बर्फात रोवणाऱ्या उंचवट्यांना पुढची आणि मागची बाजू असते, हे मला ठाऊक नव्हते. पट्टा पुन्हा बाहेर काढला, फिरवला, पुन्हा घातला. मग आस आत घेऊन त्याच्या चाकांचे दात पट्ट्याच्या आतल्या दातांशी जुळवले. तेवढ्यात पट्ट्याची मोजणी मोस्यूंनी मला शिकवली: लांबी एकशे एकवीस इंच, दर अडीच इंचांहून किंचित जास्त अंतरावर एक दात, असे एकूण अठ्ठेचाळीस. चाकाच्या दातांचे अंतर आणि पट्ट्याच्या दातांचे अंतर एक नसेल तर सगळा खटाटोप फुकट.

दुपारी साखळीची पेटी जोडण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले. चाके चढवली, साखळी घातली, नट टॉर्कच्या पान्याने पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत आवळला. हे शेवटचे त्यांनी स्वतः पाहिले. नवी पिन माझ्या हातात दिली आणि ते सांगाडा पुसायला वळले. त्याच क्षणी मादामनी दारातून कॉफीसाठी हाक मारली. मी पिन कोटाच्या खिशात टाकून घरात गेलो. परत आलो तेव्हा मोस्यू पेटीचे झाकण हातात घेऊन उभे होते. त्यांनी विचारले, “सगळे आत आहे ना?”

मी म्हणालो, “होय.”

श्रोतेहो, मी खोटे बोललो नाही. मी विचारच केला नाही. ‘सर्व बाबींची पूर्तता झाली आहे’ हे वाक्य मी आजवर इतक्या कागदांखाली लिहिले आणि इतक्या कागदांवर वाचले आहे, की त्या प्रश्नाला ते उत्तर माझ्या तोंडून आपोआपच निघाले. त्यांनी झाकण बसवले, तेल ओतले, सायलेन्सर चढवला.

संध्याकाळी सांगाडा आत गेला. पुढचे बोल्ट आधी, मागचे नंतर. मग पट्ट्याचा ताण पाहायचा. पट्ट्याच्या मध्यावर सुमारे साडेसात किलोंचे वजन टांगून तो घसरपट्टीपासून किती खाली लोंबतो ते मोजतात. त्या गाडीला सुमारे दीड इंच हवे होते. पट्टा फार ताणला तर इंजिनाचा जोर वाया जातो आणि बेअरिंगे लवकर झिजतात. ढिला ठेवला तर वेगात चाकाच्या दातांवरून उड्या मारतो. शेवटी इंजिन सुरू करून पट्टा अधांतरी हळूहळू फिरवला. या वेळी मागे कोणी उभे राहायचे नाही, कारण पट्ट्यात अडकलेला एखादा खडा गोळीसारखा सुटतो. मोस्यू बाजूने वाकून पट्टा दोन्ही घसरपट्ट्यांच्या मधोमध चालतो की नाही ते पाहत होते. तो एकीकडे सरकत होता. त्या बाजूचा ताण पाव आट्याने वाढवला, आणि पट्टा मध्यावर आला. गाडी सुरेल चालत होती. “उद्या सकाळी सरपण घेऊन पलीकडे जाऊ,” ते म्हणाले. आम्ही हात धुतले. त्या रात्री मी तृप्त मनाने जेवलो.

रात्री अकराच्या सुमारास कोट खुंटीला अडकवताना काहीतरी टोचले. खिशात हात घातला. पिन होती.

ती बोटाच्या पेराएवढी, चकचकीत, न दुमडलेली पिन हातात धरून मी खाटेच्या कडेवर किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. मनाने ताबडतोब टिपण लिहायला घेतले. नट योग्य मापाने आवळलेला आहे. पिन ही केवळ जादा खबरदारी. गाडी चालवून पाहिली, दोष आढळला नाही. सबब पेटी पुन्हा उघडण्याची आवश्यकता दिसत नाही. टिपण नेटके होते. मी ते माझ्या खात्यात डोळे मिटून मंजूर केले असते.

आणि मग, ज्याची मी सहसा आठवण काढत नाही, ती गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका तालुक्यात असताना शाळेच्या छपराच्या दुरुस्तीचा दाखला माझ्यापुढे आला होता. ‘काम समाधानकारक झाले आहे,’ असे खाली लिहिलेले होते, त्याखाली दोन सह्या होत्या, तिसरी मी केली. शाळा माझ्या कचेरीपासून सहा मैलांवर होती. मी गेलो नव्हतो. पावसाळ्यात एका वाऱ्याच्या दुपारी एक पत्रा सुटून पडला आणि एका मुलाचा हात मोडला. पत्र्याला आकड्याचे खिळे मारायचे होते, ते निम्मेच मारलेले निघाले. चौकशी झाली. माझ्या सहीखाली दोन सह्या असल्यामुळे मला काही झाले नाही. मुलाचा हात पुढे सांधला, पण कोपरात सरळ होत नसे, असे मी ऐकले. ऐकले म्हणतो, कारण तेव्हाही मी पाहायला गेलो नाही.

तळ्यापलीकडचे रान, वजा वीस अंशांची थंडी आणि सत्तर वर्षांचा माणूस. नट हळूहळू सुटला तर चाक आसावरून निघेल, साखळी पेटी फोडील, आणि गाडी जिथे असेल तिथे उभी राहील. त्या संग्रहालयातल्या गॅरेजात उभ्या असलेल्या, पण त्या घटकेला न चालणाऱ्या गाड्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. झोप लागली नाही.

पहाटे पाचला खाली दिवा लागला. मी जिना उतरून गेलो. मोस्यू चुलीत लाकूड सारत होते. मी पिन टेबलावर ठेवली. बोलण्यासाठी रात्रभर वाक्ये जुळवली होती, त्यांतले एकही आठवेना. त्यांनी चष्मा लावून पिनकडे पाहिले.

“खालच्या चाकाची?”

“होय. तुम्ही विचारलेत तेव्हा मी पाहिले नव्हते.”

ते काहीच बोलले नाहीत. कॉफीचा पेला अर्धा होता, तो संपवला, अंगात कोट घातला आणि खोपटाकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. सायलेन्सर काढला, तेल काढले, झाकण उघडले. दोन तास गेले. सर्व वेळ ते रागावतील याची मी वाट पाहत होतो. राग आला असता तर बरे वाटले असते. झाकण निघाले तेव्हा त्यांनी पाना लावून पाहिला. नट तसूभरही हलला नव्हता.

मला हायसे वाटले. मी म्हणालो, “म्हणजे चालले असते.”

“आज चालले असते,” मोस्यू म्हणाले, आणि पकड माझ्या हातात दिली.

पिन मी घातली आणि टोके दुमडली. ते दिवा धरून उभे होते. झाकण बसवण्यापूर्वी त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, त्याच शब्दांत, त्याच सुरात: “सगळे आत आहे ना?” या वेळी मी वाकलो. वरचे चाक, त्याची पिन. खालचे चाक, त्याची पिन. साखळी, तिचा ताण. एकेकाला बोट लावून पाहिले, मग उत्तर दिले. दहा वाजता आम्ही सरपण घेऊन तळे ओलांडले. मी मागच्या घसरगाडीवर बसलो होतो, आणि नव्या पट्ट्याने उडवलेले बर्फ माझ्या तोंडावर येत होते.

त्या वर्षी रस बरा उतरला. मार्चच्या अखेरीस निघताना मादामनी पाकाची एक बाटली दिली; ती मी घरी आणली, आणि मुलांनी ती काकवीसारखी भाकरीबरोबर खाऊन आठवडाभरात संपवली.

परत कामावर रुजू झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका पाणीपुरवठ्याच्या कामाचा पूर्णतेचा दाखला सहीसाठी आला. खाली तीन सह्या होत्या. मी जीप मागवली. गाव बावीस किलोमीटरवर होते. टाकीपाशी गेलो, नळ सोडून पाहिला, पाणी आले. काम चोख झाले होते. परतताना सोबतचे अभियंते अवघडून गप्प होते. आपल्यावर संशय घेतला असे त्यांना वाटले असावे. त्यांना काय सांगावे ते मला सुचले नाही. तेव्हापासून जिथे जाता येते तिथे मी जातो. सगळीकडे जाणे होत नाही, हेही कबूल केले पाहिजे. माझ्या टेबलावर कागद पूर्वीपेक्षा अधिक दिवस राहतात, अशी कुरकुर कचेरीत आहे, आणि ती खोटी नाही.

त्या तालुक्यातल्या शाळेलाही मी मागच्या वर्षी जाऊन आलो. इमारत आता पक्की, सिमेंटच्या छताची आहे. त्या मुलाची चौकशी केली. तो आता तिशी ओलांडलेला, गावातच असतो, किराणा मालाचे दुकान चालवतो. मी दुकानात गेलो, पावशेर साखर मागितली. त्याने उजव्या हाताने तराजू उचलला. कोपर जरा वाकडे होते. मी कोण ते मी त्याला सांगितले. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याने दुकानातला एकुलता एक स्टूल पुसून पुढे केला आणि म्हणाला, “बसा ना साहेब. तुम्ही आलात तेव्हा.”